बोटुकली मोजणारा पैसा

परभणी–पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीत पडलेला पाऊस ओढ्या-नाल्यांतून अखेर गोदावरीला मिळतो. दूर पूर्वेला, गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं पाणीही वैनगंगा-प्राणहितेतून त्याच गोदावरीत येतं. फरक इतकाच की तिकडच्या काही तलावांत कोणती पाणवनस्पती ठेवायची आणि कोणता मासा जपायचा, हे आता मासेमारी करणारा धीवर समाज ठरवू लागला आहे.

गोंड राजवटीत कोहळ्यांनी बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्यानंतर सरकारकडे गेले. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना मिळाला आणि त्यासोबत आली बोटुकली, म्हणजे तलावात सोडायची बोटाएवढी माशांची पिल्लं: कटला, रोहू, मृगळ, पुढे सायप्रिनस आणि गवत्या. बाहेरच्या माशांनी पाणवनस्पती फस्त केल्या, काठ बेशरम या झुडपानं व्यापले आणि स्थानिक मासे हटत गेले.

तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंदियातल्या अर्जुनी-मोरगाव परिसरात धीवरांनाच विचारलं, की कोणता मासा कोणत्या गवतात अंडी घालतो? त्या उत्तरांवर कामाचा आराखडा बेतला गेला. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, तलावाचा कोरडा तळ नांगरायचा, पाणी भरलं की देवधानासारख्या स्थानिक वनस्पती लावायच्या. या कामात बायका पुढे होत्या. वनस्पती रुजल्या तसे मासे परतले, पक्षीही आले.

या कामाला सिमेंट लागत नाही. लागते ती मजुरी, तीही सलग काही वर्षं. अडचण नेमकी इथेच आहे. सरकारी हिशेबात गाळ घनमीटरमध्ये मोजला जातो आणि मासे बोटुकलींच्या नगांवर. तळाशी रुजलेल्या गवताला लेखाशीर्ष कुठलं? २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘महाराष्ट्र जनुक कोश’ प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात गोड्या पाण्यातली जैवविविधता आहे, पण ती सात विषयांपैकी एक.

नदी जिवंत करायला पैसा कसा उभा राहू शकतो, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या क्लॅमथ नदीत २००२ साली हजारो सॅमन मासे मेले. त्यानंतर युरोक आणि शेजारच्या आदिवासींनी धरणं हटवण्याचा लढा नेटानं चालवला. २०२४ मध्ये नदीवरची ४ धरणं पाडून झाली आणि काही आठवड्यांतच सॅमन त्या धरणांच्या जागा ओलांडून वर चढले. सुमारे ४५ कोटी डॉलरची ती तरतूद कॅलिफोर्नियाचे रोखे आणि वीजग्राहकांची बिलं यांतून झाली. आपल्याकडे एवढा पैसा लागणारही नाही. मात्र तो कशावर खर्चायचा हे मासेमार ठरवतील, अशी अट हवी.

त्यासाठी आधी तलावावर हक्क हवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क आहे. धीवर अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातीत आहेत. त्यामुळे त्यांना वनक्षेत्रातलं ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. इकडे परभणीकडे, पूर्णा नदीवरच्या येलदरीसारख्या जलाशयांत जाळं टाकणाऱ्या भोई मासेमारांना तर बहुतेक ठिकाणी हाही रस्ता नाही. जंगलच नसल्यानं त्यांच्या हाती उरतो तो मुदतीचा ठेका, आणि त्याच्या अटींत पुन्हा बोटुकलीच.