छिद्रातून वर आलेले तेल

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की आसाला वंगण घालावे, हे ज्ञान आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु वंगणाने घर्षण नेमके कसे कमी होते, याचे समाधानकारक उत्तर विज्ञानाला १८८० पर्यंत सापडले नव्हते, हे वाचून आमच्याप्रमाणेच वाचकांनाही नवल वाटेल.

घर्षणाचे नियम मात्र त्यापूर्वीच मांडले गेले होते. फ्रान्समधील आमोंतों यांनी १६९९ मध्ये व कुलोम यांनी १७८५ मध्ये दाखविले की, घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते. हे नियम कोरड्या पृष्ठभागांचे. मध्ये तेल आले की ते लागू पडेनात.

इंग्लंडमधील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने ब्यूशँप टॉवर यांच्याकडे रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांचे घर्षण मोजण्याचे काम सोपविले. आसाच्या वरच्या अर्ध्या भागावर पितळी बेअरिंग टेकलेले होते आणि आसाची खालची बाजू तेलात बुडालेली होती. त्या काळच्या प्रथेप्रमाणे तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर एक छिद्र पाडले होते. यंत्र फिरू लागताच तेल त्या छिद्रातून वर येऊन सांडू लागले. टॉवर यांनी बूच बसविले, ते उडाले; लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली! दुसऱ्या कोणी अधिक घट्ट खुंटी ठोकली असती. टॉवर यांनी तेथे दाबमापक बसविला. सरासरी भार दर चौरस इंचास १०० पौंड असताना मापकाचा काटा २०० पौंडांच्याही पलीकडे गेला. म्हणजे आस पितळाला टेकलेलाच नव्हता. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता. आणि जेथून तेल आत जावे म्हणून छिद्र ठेवले, तेथूनच ते बाहेर निसटत होते. १८८३ मध्ये टॉवर यांनी हा अहवाल सादर केला.

१८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी यामागील गणित सिद्ध केले. फिरणारा आस चिकट तेलाला आपल्यासोबत निमुळत्या फटीत ओढून नेतो. अरुंद होत जाणाऱ्या जागेत तेलाचा दाब वाढतो आणि तोच दाब भार पेलतो. यासाठी पुरेशी गती मात्र हवी. यंत्र थांबले की हा थर विरतो आणि धातू धातूला टेकतो. म्हणूनच सतत चालण्यापेक्षा पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी बेअरिंगची झीज अधिक होते.