रक्तवाहिन्या दाखविणारें द्रव्य

मेंदूची धमनी तुंबली आहे काय, हृदयाची धमनी कोठें अरुंद झाली आहे, पायास रक्त कमी कां पोंचतें, हें पाहण्यासाठीं डॉक्टर ‘सी. टी. अँजिओग्राफी’ सुचवितात. मग तें कोल्हापूरचें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांचा थोरला दवाखाना असो, कीं एखादें खासगी तपासणीकेंद्र असो. संमतिपत्र पुढें आलें कीं घरची मंडळी ‘डाय’ या शब्दापाशीं अडखळतात. शिरेंतून अंगांत रंग सोडणार. तो पुढें जातो कोठें? त्यापासून अपाय तर नाहीं ना? ही शंका रास्त आहे.

वस्तुतः हें द्रव्य रंग नव्हेच. तें जवळजवळ पाण्यासारखें स्वच्छ असतें. मग त्याचें काम काय? विमानांतून पाहणारास पंचगंगेचीं वळणें दिसतात, कारण नदीचें पाणी कांठच्या उसाच्या मळ्यांहून निराळें दिसतें. दोहोंचा वर्ण एकच असता, तर नदी असूनहि दिसली नसती. क्ष-किरणांपुढें रक्त आणि मांस यांची स्थिति अशीच आहे. दोन्ही हलक्या मूलद्रव्यांचीं बनलेलीं असल्यामुळें किरण दोहोंतूनहि सारखेच पार जातात. हाडांत कॅल्शियम असतें, त्याचा अणुक्रमांक 20; म्हणून हाडें उठून दिसतात. आयोडीनचा अणुक्रमांक 53. तें रक्तांत मिसळलें कीं किरण तेथें अधिक अडतात व रक्तवाहिनी चित्रांत शुभ्र उमटते.

राँटजेनने 1895 सालीं क्ष-किरण शोधले. पुढच्याच जानेवारींत व्हिएन्नामध्यें हाशेक व लिंडेंथाल यांनीं एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत पाऱ्याचें संयुग असलेलें मिश्रण भरून त्यांचें चित्र घेतलें. जिवंत मनुष्यास तें सोसणारें नव्हतें. 1927 सालीं लिस्बन येथें एगास मोनिझ यांनीं आयोडीनचा क्षार वापरून जिवंत रुग्णाच्या मेंदूंतील धमन्या दाखविल्या. त्यानंतर थोरोट्रास्ट नांवाचें द्रव्य प्रचारांत आलें. त्याचें चित्र सुरेख येई व टोंचतांना रुग्णास त्रासहि होत नसे. परंतु त्यांतील थोरियम किरणोत्सर्गी होतें, आणि तें यकृतांत व प्लीहेंत जन्मभर ठाण मांडून बसे. कित्येकांस अनेक वर्षांनंतर यकृताचा कर्करोग झाला. अशा द्रव्यानें केवळ दिसून भागत नाहीं. काम संपतांच तें शरीराबाहेर गेलें पाहिजे, हा धडा वैद्यकास फार महाग पडला.

आजचीं आयोडीनयुक्त द्रव्यें या कसोटीस उतरतात. मूत्रपिंडें निरोगी असल्यास तें बहुतेक सर्व एका दिवसांत लघवीवाटे निघून जातें. जुन्या क्षारांचे पाण्यांत विद्युत्भारित कण होत व अंगाची आग होई. 1960 नंतरच्या दशकांत स्वीडनचे टॉर्स्टेन आल्मेन यांनीं असे कण न होणाऱ्या संयुगांची कल्पना मांडली. आजचीं औषधें तिच्यावरच आधारलेलीं आहेत. हें द्रव्य किंचित् दाट असतें. थंडींत घट्ट झालेली काकवी ऊन करतांच सैल वाहूं लागते. त्याच न्यायानें तेंहि पुष्कळदां शरीराच्या उष्णतेइतकें कोमट करून घेतात. साधारणतः 50 ते 100 मिलिलिटर द्रव्य पंपानें वेगानें सोडतात आणि तें इष्ट धमनींत पोंचतांच यंत्र चित्रें टिपतें. सर्वांगास ऊब वाटणें, तोंडास धातूसारखी चव येणें, लघवी झाल्याचा भास होणें, हे प्रकार थोड्याच वेळांत ओसरतात. त्यांनीं घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र खाज, अंगावर गांधी, श्वास कोंडणें यांपैकीं कांहींहि जाणवल्यास तत्काळ सांगावें. तीव्र प्रतिक्रिया विरळा. पण तिच्यावरील उपाय विलंबानें होतां कामा नये.

यापुढील दक्षता घरच्या मंडळींच्या हातीं आहे. मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी अशा द्रव्यानें झालेला त्रास, दमा, थायरॉईडचा आजार, गर्भारपण, यांतील कांहींहि लपवूं नये. क्रिएटिनिनची तपासणी सांगितल्यास टाळूं नये. मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन चालू असल्यास तेंहि सांगावें. गोळी थांबवावयाची कीं नाहीं, हें डॉक्टर ठरवितील, आपल्या मनानें ठरवूं नये. मासळी सोसत नाहीं म्हणून आयोडीन सोसणार नाहीं, ही समजूत मात्र चुकीची आहे. मासळीचा त्रास तिच्यांतील प्रथिनांमुळें होतो.

2021 सालीं अमेरिकेंत मान्यता पावलेल्या नव्या जातीच्या सी. टी. यंत्रांत किरणांचा एकेक कण मोजून त्याची ऊर्जाहि पाहिली जाते. त्यामुळें आयोडीन आणि धमनींत सांचलेलें कॅल्शियम यांतील भेद अधिक स्पष्ट होतो आणि कमी द्रव्यांत काम भागण्याची आशा वाढली आहे. तथापि रुग्णाच्या पूर्वीच्या दुखण्यांची हकीकत कोणतेंहि यंत्र सांगूं शकत नाहीं. ती घरच्यांनींच सांगावयाची असते, आणि तीहि सुई टोंचण्यापूर्वीं.