पाण्यानेच पाणी चढविणारे यंत्र
(लेखांक सातवा)

मोट आणि रहाट यांचा विचार गेल्या लेखांकात झाला; त्या दोन्हींत पाणी वर येते ते बैलाच्या किंवा माणसाच्या श्रमाने. आज ज्या यंत्राचे वर्णन करावयाचे आहे त्यास ना बैल लागतो, ना तेल, ना वीज. उतारावरून धावणाऱ्या प्रवाहाचा जोर हेच त्याचे सारे भांडवल, आणि त्या जोरावर ते प्रवाहातील थोडे पाणी उगमाहूनही उंच नेऊन पोचविते. ‘हायड्रॉलिक रॅम’ हे त्याचे नाव.

इंग्लंडातील जॉन व्हाइटहर्स्ट या घड्याळजीने १७७२ साली चेशायर परगण्यातील ओल्टन येथे या तत्त्वाचा प्रथम उपयोग केला. परंतु त्याच्या योजनेत तोटी हाताने उघडावी व मिटावी लागे. हे काम यंत्राने आपले आपणच करावे, ही तजवीज १७९६ मध्ये फ्रान्समधील जोसेफ माँगोल्फिए याने आपल्या कागदाच्या कारखान्यासाठी केली. भावाच्या साहाय्याने उष्ण हवेचा फुगा आकाशात सोडणारा तो हाच. त्या फुग्याने त्याचे नाव जगभर झाले, पण लोकोपयोगाच्या दृष्टीने पाहता त्याची ही दुसरी कृती मला अधिक थोर वाटते.

यंत्राची रचना अशी. बांधापासून खाली उतरणाऱ्या पोलादी नळाच्या शेवटी एक झडप असते व तिच्यातून पाणी बाहेर वाहत राहते. वाहता वाहता त्याचा वेग वाढतो, आणि तो पुरेसा वाढला म्हणजे पाण्याच्याच रेट्याने झडप धाडकन मिटते. भरधाव बैलगाडी एकाएकी थांबली असता मागच्या गोण्या जशा पुढे आदळतात, तसा नळातील सगळा जलौघ त्या मिटलेल्या दाराशी आदळून क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो, आणि त्या दाबाने दुसरी झडप उघडून थोडे पाणी हवेच्या कोठीत शिरते. तेथील कोंडलेली हवा दबते आणि पुन्हा प्रसरण पावून ते पाणी संथपणे वरच्या नळात लोटते. इतक्यात दाब ओसरतो, पहिली झडप स्वतःच्या वजनाने पुन्हा उघडते आणि हाच क्रम मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा अहोरात्र चालतो. कोठीतील हवा पाण्यात हळूहळू विरघळून नाहीशी होते, म्हणून दर ठोक्याला किंचित हवा आत घेणारे बारीक छिद्र ठेवावे लागते. त्याची हयगय झाली तर आघात थेट नळांवर बसून यंत्र फुटण्याचा संभव असतो.

पाणी आपल्या पातळीच्या वर चढत नाही, या सर्वांच्या अनुभवास येथे कोठेही बाध येत नाही, हे जमाखर्च मांडला म्हणजे उघड होते. मिनिटास १०० लिटर पाणी २ मीटर खाली येत असेल आणि यंत्रापासून १२ मीटर उंचीवर ते न्यावयाचे असेल, तर घर्षणादिकांची वजावट होऊन कार्यक्षमता शेकडा ६० धरली असता १० लिटर वर चढते. उरलेले ९० लिटर त्याची किंमत म्हणून खाली वाहून जाते व पुन्हा ओढ्यास मिळते. मिनिटास १० लिटर हे प्रमाण अल्प भासेल, परंतु दिवसाचे ते १४,४०० लिटर होते.

उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यावर अर्थातच हे यंत्र निरुपयोगी. परंतु सह्याद्रीच्या कुशीत ज्यांच्या वाडीखालून बारमाही झरा वाहतो आणि घरातील स्त्रिया त्या पाण्यासाठी चढण चढतात, त्यांनी या वैशाखात प्रवाह एका मापाच्या भांड्यात धरून ते किती वेळात भरते हे घड्याळ लावून पाहावे, पाण्याचा उतार व वाडीची उंची मोजावी, आणि वरील हिशेब स्वतः करून पाहावा.