होटगीची मालगाडी आणि डोक्यावरचा हेडसेट

ज्यांना इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. आजचा विषय व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे व्हीआर, आणि आपला मेंदू. पण सुरुवात आमच्या गावच्या स्टेशनावरून करू.

आमचं होटगी म्हणजे जंक्शन. सोलापूरहून आलेल्या गाडीला इथून एक वाट वाडीकडं आणि एक विजापूरकडं. लहानपणी खिडकीत बसलो की शेजारच्या रुळावर मालगाडी असायची. एकदम वाटायचं, चला, सुटली आपली गाडी! मग आप्पा म्हणायचे, "आपली न्हाई बे, ती मालगाडी हालली." दुसऱ्या खिडकीतून बघावं तर फलाटावरचा खांब जागच्या जागी.

या फसगतीला शास्त्रात 'व्हेक्शन' म्हणतात. आपण हलतोय का, हे मेंदू एकट्या डोळ्यांना विचारत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो, त्याला विचारतो. पायांना, मानेच्या स्नायूंना विचारतो. सगळ्यांची साक्ष जुळवून निकाल देतो. गाडी हळू सुटते तेव्हा कानाला धक्का जाणवत नाही, मग मेंदू डोळ्यांचं ऐकतो आणि फसतो.

आता हातातल्या मोबाईलवर एक प्रयोग करा. हे वाक्य वाचता वाचता मोबाईल डावी-उजवीकडे भराभरा हलवा. अक्षरं पुसट होतात ना? आता मोबाईल स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगानं मान हलवा. वाचता येतंय! कारण मान हलली की कानातून थेट डोळ्यांच्या स्नायूंना निरोप जातो आणि साधारण 10 मिलिसेकंदांत डोळे उलट्या दिशेला वळतात. मोबाईल हलला तर असा निरोप कुठून येणार? तिथं डोळ्यांना बघून पाठलाग करावा लागतो, आणि त्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

व्हीआर बनवणाऱ्यांची खरी झटापट याच आकड्यांशी असते. तुम्ही मान वळवल्यापासून पडद्यावरचं चित्र बदलेपर्यंत साधारण 20 मिलिसेकंदांच्या वर वेळ गेला की डोळा आणि कान यांची साक्ष जुळत नाही. मग डोकं गरगरतं, मळमळतं.

आता माझी चूक सांगतो. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर शाळेसाठी वर्गणी जमत होती. मी बीटेक, वर सॉफ्टवेअरवाला, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारलं, काय घ्यायचं? मी छाती फुगवून सांगितलं, दहा व्हीआर हेडसेट. त्या वर्गणीत आप्पांच्या पेन्शनचे पैसेही होते.

घेण्याआधी माझाच हेडसेट आठवीच्या वर्गात नेला आणि सूर्यमालेची सफर दाखवली. पोरं खुश! "लई भारी दादा!" माझी भाची मात्र दोन मिनिटांत हेडसेट काढून भिंतीला टेकून बसली. सफरीत यान जोरात वळत होतं आणि ती जागेवर उभी. मालगाडीचाच प्रकार, फक्त इथं बघायला फलाटावरचा खांब नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "चंद्र कधी अर्धा का दिसतो?" जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, "पृथ्वीची सावली पडते म्हणून." साफ चूक. सावली पडते ती ग्रहणात. एवढी सफर करून डोक्यातली समजूत जागची हलली नव्हती. मला रात्री झोप लागेना.

मग वाचत बसलो. 1963 साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. अंधारात वाढवलेली दोन पिल्लं एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना. एक स्वतःच्या पायांनी चालणार, दुसरं पाळण्यात बसून त्याच्यामागं फिरणार. दोघांना दिसायचं सारखंच. पण खोली-अंतराचा अंदाज चालणाऱ्यालाच नीट आला. पाळण्यातल्या पिल्लाला टेबल जवळ आल्यावर पाय पुढं करणंही जमेना.

आणखी एक. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. तिथल्या काही पेशी आपण ठरावीक जागी पोचलो की जाग्या होतात, जणू आतला नकाशा. जॉन ओकीफ यांनी त्या 1971 मध्ये जगासमोर आणल्या, 2014 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मयंक मेहता यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांना व्हीआरमध्ये फिरवलं. खऱ्या खोलीत काम करणाऱ्या साधारण 60 टक्के पेशी व्हीआरमध्ये गप्प! उरलेल्यांचा नकाशाही विस्कटलेला. पण 2021 मध्ये त्याच प्रयोगशाळेनं उंदरांना आभासी जगात लपलेलं ठिकाण स्वतः शोधायला लावलं, तेव्हा किती अंतर चाललो, कुठल्या दिशेला, याची नोंद पेशींत सापडली.

म्हणजे नुसतं दाखवून भागत नाही. शोधायला लावावं लागतं.

आणि हे आपल्याकडंही कुणीतरी वर्गात करून बघितलंय. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या शमीन पाडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या मुलांबरोबर सूर्य, पृथ्वी, चंद्र शिकवताना हातवारे आणि अंगाच्या हालचाली वापरल्या. त्यांचा शोधनिबंध 2011 चा. हेडसेट नाही, काही नाही.

मग आम्हीही केलं. वर्गात अंधार, मध्ये एक बल्ब म्हणजे सूर्य. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी, हात लांब करून डोक्यापेक्षा जरा वर धरलेला चेंडू म्हणजे चंद्र. बल्बकडं तोंड केलं की चेंडूची आपल्याकडची बाजू काळी, अमावस्या. डावीकडं हळूहळू वळायचं. पाव गिरकीत चेंडू अर्धा उजळलेला, शुद्ध अष्टमी. बल्बकडं पाठ, पौर्णिमा. चेंडू कायम अर्धाच उजळलेला असतो, आपल्याला त्यातला किती दिसतो तेवढं बदलतं.

त्यानंतर मी दोन रात्री बसून हेडसेटसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला. सफर नाही, वळणारं यान नाही. चंद्र मुलाच्या हातात. सरांनी तिथी सांगायची, मुलानं चालत, वळत योग्य जागा शोधायची. भाची दहा मिनिटं आत होती, गरगरलं नाही. बाहेर येऊन म्हणाली, "मामा, सावलीचा संबंधच नाही की!" दोन-तीन पोरं अजून सावलीवरच अडून आहेत, हेही सांगतो. आणि भाचीला समजलं ते चेंडूनं की हेडसेटनं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

डेन्मार्कमधल्या मक्रान्स्की आणि सहकाऱ्यांचा 2019 चा अभ्यास हीच सावधगिरी शिकवतो. 52 विद्यार्थ्यांनी तोच आभासी प्रयोग साध्या स्क्रीनवर आणि हेडसेटमध्ये केला. हेडसेटमध्ये 'आपण तिथंच आहोत' असं जास्त वाटलं, पण शिकणं कमी झालं. मेंदूवर ताणही जास्त पडला.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, माझं चुकलं, दहा नकोत. एक हेडसेट घेऊ, उरलेल्या पैशात सूक्ष्मदर्शकं आणि बल्ब-चेंडूंचं साहित्य. आप्पांनी अंगठा दाखवला, म्हणजे इमोजीचा.

तुमच्या शाळेत कुणी व्हीआर विकायला आलं तर एकच विचारा: यात पोरगं स्वतः काय करणार? उत्तर 'बघणार' असेल, तर तो पाळणाच आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि पुढच्या वेळी शेजारची गाडी हलली की फलाटावरचा खांब बघा!