कायद्याने पुसलेले आडनाव

हजेरीच्या वेळी तुमचे नाव पुकारले, की तुम्ही सहज 'हजर' म्हणता. पण समजा, उद्या असा हुकूम निघाला की तुमचे आडनाव यापुढे कोणी लावायचे नाही आणि जो लावील त्याला देहदंड! मग तुम्ही काय कराल? ही केवळ कल्पना नव्हे. स्कॉटलंडमधील 'मॅकग्रेगर' या आडनावावर असा प्रसंग खरोखरच गुदरला होता.

नावाचा अर्थ

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील डोंगराळ मुलखाची जुनी भाषा गेलिक. या भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. तेव्हा मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. मुलीच्या आडनावाला मात्र गेलिकमध्ये 'मॅक' न लागता 'निक' लागते.

आता हा 'ग्रेगर' कोण? ख्रिस्ती धर्माबरोबर युरोपभर पसरलेल्या 'ग्रेगोरियस' या लॅटिन नावाचे हे गेलिक वळण. लॅटिनमध्ये ते ग्रीक भाषेतून आले. त्याचा अर्थ 'जागा असलेला, सावध'. गंमत पुढेच आहे. या नावामागचा ग्रीक धातू आणि संस्कृतातील 'जागृ' धातू हे एकाच मूळ धातूपासून झाले, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आपले 'जागरण' आणि स्कॉटलंडचा 'ग्रेगर' ही दूरची भावंडेच की!

नावावर बंदी

डोंगराळ मुलखात लोक 'क्लॅन' म्हणजे कुळ करून राहत. मूळ गेलिक शब्दाचा अर्थ 'मुलेबाळे'. ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे ही खोरी मॅकग्रेगरांची. परंतु जमिनीच्या राजसनदा हळूहळू बलाढ्य कॅम्बेल कुळाच्या हाती गेल्या. जमीन गेली, आणि लुटालूट व गुरे पळवणे सुरू झाले. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रून येथे त्यांनी शेजारच्या एका कुळाची मोठी कत्तल केली. राजा सहावा जेम्स संतापला. ३ एप्रिल १६०३ रोजी हुकूम सुटला: मॅकग्रेगर हे नाव रद्द, जो ते लावील त्याला मृत्युदंड. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रमुखाला एडिंबरोत फाशी झाली.

उरलेल्यांनी ग्रांट, मरे, ड्रमंड, कॅम्बेल अशी इतरांची आडनावे घेतली. प्रसिद्ध रॉब रॉय हाही मॅकग्रेगरच. त्याने आईचे आडनाव, कॅम्बेल, लावले. बंदी १६६१ मध्ये उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. तोवर १७१ वर्षे उलटली होती. सहा-सात पिढ्या होऊन गेल्या. एखाद्या ग्रांटचा खापरपणजा मूळचा ग्रांट की मॅकग्रेगर, हे आता कसे ओळखायचे? जे नाव लिहिणेच गुन्हा होते, ते कागदोपत्री कसे सापडणार?

पेशीतील नोंद

येथे जीवशास्त्र मदतीला येते. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी 'वाय' गुणसूत्र फक्त पुरुषांत असते व ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसेच्या तसे मिळते. आडनावही बापाकडून मुलाकडे जाते. म्हणजे दोघांची वाट एकच! फरक एवढाच, की आडनाव हुकमाने बदलते. गुणसूत्राला राजाचा हुकूम कळत नाही. त्यात कित्येक पिढ्यांत क्वचित एखादा बारीक बदल होतो. दोन पुरुषांच्या 'वाय'मधील अशा खुणा ताडून पाहिल्या, की त्यांचा पितृकुळातील पूर्वज एकच असावा की नाही, याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच आज मॅकग्रेगर आणि त्यांनी घेतलेली इतर आडनावे लावणाऱ्या पुरुषांच्या खुणांची तुलना केली जाते.

मात्र निष्कर्ष जपून काढायला हवा. कुळप्रमुखाच्या आश्रयाला आलेली, रक्ताचे नाते नसलेली माणसेही त्याचे नाव लावीत. त्यांच्या वंशजांची खूण जुळणार नाही. पण म्हणून ते खोटे मॅकग्रेगर ठरतात काय? बंदीचे हाल त्यांच्याही पूर्वजांनी सोसलेच होते. गुणसूत्र रक्ताचे नाते सांगते. नावाशी राखलेली निष्ठा मोजण्याचे साधन प्रयोगशाळेत नाही.

विचार करा

एका ग्रांटची खूण मॅकग्रेगरांच्या खुणेशी जुळली नाही. तर त्याच्या पूर्वजांत एकही मॅकग्रेगर नव्हता, असे म्हणता येईल काय? उत्तर देण्यापूर्वी त्याच्या आईकडच्या आजोबांचा विचार करा!