पुण्यातली देवालयं : ११ – पाडलेली भिंत

पंचहौदच्या वेदीवर आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सदाशिव पेठेतल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न वेदीच्याही आधीचा आहे. ते विचारतात, दोन-तीन माणसं आपल्या नावानं जमली तरी पुरे, असं येशूनंच सांगून ठेवलेलं असताना एवढ्या इमारती कशाला? शुभवर्तमान घरी वाचता येतं, प्रार्थना घरी करता येते.

येते की. पहिली जवळजवळ तीन शतकं ख्रिस्ती मंडळी बहुतेक घरांतूनच जमत होती. सीरियात युफ्रेटीसच्या काठी, दुरा-युरोपस इथल्या उत्खननात तिसऱ्या शतकातलं असं एक घर सापडलं. बाहेरून चारचौघांसारखं साधं घर. आत मात्र दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांब दालन केलेलं, आणि बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. या घराचा नकाशा मी पुनःपुन्हा काढून बघतो. देवालय नावाची वास्तू कुठल्या गरजेतून आली, ते त्या पाडलेल्या भिंतीत दिसतं. नुसतं ऐकायचं असतं तर माणसं दोन्ही खोल्यांत बसून ऐकू शकली असती. पण एकच भाकर मोडून सगळ्यांनी घ्यायची, तर सगळे एका जागी हवेत.

पुढे ३१३ नंतर उघडपणे बांधायची मोकळीक मिळाली, तेव्हा नमुना कुठला घ्यायचा? रोमन देवळात मूर्ती आत असे. बळीची वेदी आणि लोक बाहेर, उघड्यावर. तो आराखडा कामाचा नव्हता. म्हणून उचलली ती बॅसिलिका, म्हणजे रोमन शहरातलं न्यायनिवाड्याचं आणि व्यवहाराचं सभागृह. लांब मंडप, टोकाला वेदी, सगळी माणसं आत. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या पवित्र नाम देवालयात (१८८५) शिरलात की हीच मांडणी समोर येते.

पंचहौदचं नाव निघालं की पुणेकरांना चहा आठवतो. १८९० साली मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. त्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता पेला हाती घेतला. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ही कथा आपण सुधारक आणि सनातनी यांच्या भांडणाची म्हणून वाचतो. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. मिशनऱ्यांचं व्याख्यान ऐकलं, यावरून वादळ उठलं नाही. त्यांच्या हातचं घेतलं, यावरून उठलं. एकत्र खाणंपिणं माणसाला बांधतं, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. ख्रिस्ती उपासना नेमकी त्याच बंधनावर उभी आहे.

सवाई माधवरावांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांची गरजही हीच होती. प्रार्थना ते छावणीत करू शकत होते; मिस्सासाठी, म्हणजे भाकर मोडण्याच्या त्या उपासनेसाठी, धर्मगुरू हवा, वेदी हवी. दोम मिगेल द नोरोन्हा या गोव्याच्या सरदारानं पेशव्यांकडे जागा मागितली, ती मिळाली आणि १७९२ मध्ये आजच्या सिटी चर्चची सुरुवात झाली.

कॅथलिक देवालयात आणखी एक गोष्ट असते. मिस्सात पवित्र केलेली भाकर तिथल्या पेटीत जपून ठेवतात आणि शेजारी दिवा अखंड तेवत असतो. त्यामुळे मंडळी घरी गेली तरी त्यांच्या दृष्टीनं ती वास्तू रिकामी नसते. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही. त्यांच्या लेखी लोक उठून गेले की उरतं ते सभागृह. हा मतभेद खोल आहे, त्यावर एक लेख वेगळा देईन.

पत्रलेखकांच्या बाजूनं मी रेव्हरंड ना. वा. टिळकांना उभं करीन. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. चर्चच्या सभासदत्वाची चौकटच त्यांना अपुरी वाटत होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. त्यांची भजनं मात्र दर रविवारी मराठी चर्चमध्येच गायली जातात, शंभरएक माणसांच्या एका आवाजात. तो आवाज घरात निघत नाही.

आणि २०२०. त्या वर्षीचा ईस्टर, १२ एप्रिल, देवालयं बंद असताना गेला. आपल्या राज्यात ती उघडली १६ नोव्हेंबरला. त्या काळात उपदेश मोबाइलवर आला, गाणी आली, पाळकांचा आशीर्वादही आला. भाकर आणि पेला मात्र पडद्यातून हाती देता येईना. काही मंडळ्यांनी घरोघर आपापली भाकर समोर ठेवून प्रभुभोजन घेतलं, काहींनी थांबणं पसंत केलं. मी थांबणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आपापल्या ताटातली भाकर म्हणजे पुन्हा दोन खोल्या, मध्ये भिंत.

वेदीकडे आता पुढच्या आठवड्यात. ती भिंतीला टेकवून ठेवायची की पुढे ओढून धर्मगुरूनं लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, यावरून गेल्या साठ वर्षांत बरीच देवालयं आतून बदलली आहेत.