७५ची गोळी पुरते कशी?

डोकेदुखीला ॲस्पिरिन ३०० ते ६०० मिलिग्रॅम लागते, आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर रोज जेमतेम ७५ मिलिग्रॅम लिहून देतात. एवढ्याशा गोळीने काय होणार, असं म्हणत काही जण परस्पर दोन-दोन घेऊ लागतात.

हिशेब इथेच चुकतो. गुठळी धरताना प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य सोडून इतर प्लेटलेटना चेतवते. ते बनवणारं कॉक्स-१ हे एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं बंद पाडते. इतर पेशी नवं एन्झाइम घडवतात. प्लेटलेटला केंद्रकच नाही, त्यामुळे उरलेलं आयुष्य, फार तर सात ते दहा दिवस, ती तशीच काढते. म्हणून ॲस्पिरिन रक्तात अर्धा तासही नीट टिकत नाही, तरी परिणाम दिवसेंदिवस राहतो. रोज सुमारे दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात. त्यांच्यापुरती रोजची छोटी गोळी बास होते. बहुतेकांत तेवढ्यानेच ९५ टक्क्यांहून अधिक थ्रॉम्बॉक्सेन थांबतं. लावलेल्या कुलपाला दुसरं कुलूप कशाला?

अमेरिकेत सुमारे १५ हजार हृदयरुग्णांवर ८१ आणि ३२५ मिलिग्रॅमची तुलना झाली. २०२१ साली आलेल्या निकालात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यांत लक्षणीय फरक दिसला नाही. (३२५वाल्यांपैकी बऱ्याच जणांनी मध्येच ८१ धरली होती, हेही सांगायला हवं.) अटॅकच्या वेळी ३००च्या आसपासची गोळी चावून खायला देतात, ती परिणाम चटकन व्हावा म्हणून, रोजच्यासाठी तो दाखला नव्हे.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव रुळलंय खरं, पण रक्ताचा दाटपणा तिने बदलत नाही. प्लेटलेटची संख्याही सहसा घटत नाही, काम घटतं. डेंग्यूत संख्या आधीच खाली येते, म्हणून त्या तापात ॲस्पिरिन घ्यायची नाही.

आणि धडधाकट माणसानं ‘असू द्यावी’ म्हणून ती सुरू करू नये: जठरातून रक्तस्रावाचा धोका छोट्या मात्रेलाही असतो. स्टेंट बसवलेल्यांनी मात्र दात काढायचा म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.